त्या पावतीवर तुझं नाव नको

मु. महाड, जि. रायगड
श्रावण शुद्ध पंचमी

चि. सौ. बाय हिस,


तू व्हॉट्सॲपवर पाठवलेले तिन्ही कागद, म्हणजे योजनेचं पत्रक, सभासद अर्जाचा नमुना आणि तुझं नेमणूकपत्र, मी दोनदा वाचले. फोनवर तू विचारलंस, "मामा, करू का?" उत्तर आधी देतो, कारणं मागाहून सांगतो. करू नकोस. स्वतःचे पैसे घालू नकोस, बचत गटातल्या एकीकडूनही घेऊ नकोस. गणपतीला चाकरमानी आले की तुझ्या अंगणात सभा घ्यायचं ही योजना घेऊन आलेल्या माणसानं ठरवलंय, त्या सभेला अंगणही देऊ नकोस.

एवढं फोनवर सांगता आलं असतं. पण तुला हे उद्या गटातल्या बायकांना पटवून द्यावं लागेल आणि "तुझ्या मामाला काय कळतं" असंही कोणी म्हणेल. म्हणून आकडे आणि कायदा दोन्ही लिहून देतो. हे पत्र बैठकीत वाचून दाखवलंस तरी चालेल.

आधी हिशेब. पत्रक सांगतं की रायगडाच्या पायथ्याशी कृषी पर्यटन प्रकल्प होणार आहे. एक लाख रुपये भरणाऱ्या सभासदाला दरमहा ६,००० रुपये 'नफ्यातला वाटा' मिळेल आणि ३० महिन्यांनी मुद्दल परत मिळेल. महिन्याला ६ टक्के, म्हणजे वर्षाला ७२. आता सरकार काय देतं ते बघ. पोस्टातलं किसान विकास पत्र एप्रिल २०२३च्या दराप्रमाणे साडेसात टक्के देतं. त्यात पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडे जास्तच. लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी असलेल्या वित्त कंपन्यांनाही रिझर्व्ह बँकेनं वर्षाला साडेबारा टक्क्यांची कमाल मर्यादा घालून दिली आहे. परवानगी घेऊन धंदा करणाऱ्याला साडेबाराच्या वर जाता येत नाही आणि हा माणूस ७२ देतो म्हणतो.

तू रोज जे काम करतेस त्यावरून हे तपासून बघ. समज, महाड आणि पोलादपूर मिळून २०० माणसांनी लाख-लाख भरले. दोन कोटी जमले. दर महिन्याला १२ लाख वाटायचे. ते येणार कुठून? गडावर येणाऱ्यांना तू पिठलं-भाकरी करून वाढतेस. सरपण, पीठ, भाजी आणि हाताखालच्या पोरीचा रोज वजा करून एका ताटामागे ५० रुपये सुटले असं धरू. १२ लाखांसाठी महिन्याला २४,००० ताटं लागतील, दिवसाला ८००. राज्याभिषेकाच्या सोहळ्याला ६ जूनच्या सुमारास जी गर्दी होते ती सोड. भर पावसातल्या मंगळवारीही ८०० ताटं उठली पाहिजेत. तुमच्या पाचाड गावातल्या साऱ्या घरांची मिळून तरी उठतात का? आणि प्रकल्प म्हणून जी जागा तू मला फोटोत दाखवलीस, तिथे आज भात उभं आहे. खोली नाही, संडास नाही, साधी विहीरही नाही.

मग पहिल्या सभासदांना पैसे मिळतात कसे? पोलादपूरच्या एका बाईला तीन हप्ते वेळेवर मिळाले, हाच तुझ्यापुढे ठेवलेला मोठा पुरावा. ते हप्ते तिच्याच आणि तिच्यामागून आलेल्यांच्या मुद्दलातून गेले. बियाण्याचं भात कुटून पाहुण्यांना जेवायला घालावं तसं हे चालतं. पंगत झकास होते, पेरणीला कणगी रिकामी असते. दोन कोटींतून एजंटांचं पाच टक्के कमिशन गेलं की १ कोटी ९० लाख उरले. दरमहा १२ लाख वाटले आणि त्या माणसानं स्वतःसाठी एक पैसाही घेतला नाही, तरी पंधरा-सोळा महिन्यांत सगळं संपतं. तो स्वतःसाठी घेणारच. ते हप्ते थांबायच्या आत नवे सभासद हवेत, म्हणून तर त्याला तू हवी आहेस.

आता कागद. पत्रकावर मेघडंबरीतल्या महाराजांचं चित्र आहे. ते बघून आपल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो, म्हणूनच ते छापलंय. खाली 'भारत सरकारकडे नोंदणीकृत कंपनी' असं लिहून लांबलचक नंबर दिलाय. तो नंबर खरा असेलही. कंपनी कोणालाही काढता येते, नोंदणी झाली की नंबर मिळतो. पण कंपनीची नोंदणी म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करायची परवानगी नव्हे. ती परवानगी योजनेच्या प्रकाराप्रमाणे रिझर्व्ह बँक किंवा शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी यांसारखी नियामक संस्था देते. पत्रकात अशा कोणाचाही नोंदणी क्रमांक नाही. जीएसटी नंबर आहे, आयएसओचं बोधचिन्ह आहे, गोल शिक्का आहे. ठेवी घ्यायला यातलं एकही चालत नाही.

अर्जात 'ठेव' आणि 'व्याज' हे शब्द कुठेच नाहीत. 'सभासद शुल्क', 'नफ्यातला वाटा', 'सेवा आरक्षण' असे शब्द आहेत. हे शब्द वकिलाला विचारून घातलेले आहेत. ठेव म्हटली की कायदा लागतो, तेव्हा तो शब्दच नको, असा त्यांचा समज. पण आपल्या राज्याच्या कायद्यानं ही पळवाट कधीच बुजवून ठेवली आहे.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा १९९९चा अधिनियम. कोर्टात आम्ही त्याला एमपीआयडी म्हणतो. शेअर बाजार आणि रोखे हा केंद्राचा विषय, त्यासाठी १९९२चा सेबी कायदा आहे. पण गावोगाव फिरून माणसं पैसे गोळा करतात आणि एके दिवशी कुलूप लावून निघून जातात, त्यांना आवरायला राज्यांनाच पुढे यावं लागलं. तामिळनाडूनं १९९७ साली कायदा केला, त्यामागोमाग महाराष्ट्रानं. अमेरिकेतही असंच झालं होतं. तिथे शेतकऱ्यांच्या गळ्यात कवडीमोलाचे शेअर मारणाऱ्यांना रोखायला कॅन्सस या शेतीच्या राज्यानं १९११ साली पहिला कायदा केला. देशाचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी आला.

एमपीआयडीत ठेवीची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. ठराविक मुदतीनं किंवा इतर कसंही परत करायचं म्हणून घेतलेले पैसे, एवढंच नाही तर मौल्यवान वस्तूसुद्धा, ठेव ठरते. परतफेड रोखीत असो, वस्तूत असो की सेवेत, वर व्याज म्हणा, बोनस म्हणा, नफा म्हणा, नावानं फरक पडत नाही. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचं प्रकरण ठाऊक असेल. २०१३च्या जुलैअखेर तिथले व्यवहार बंद पडले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. आम्ही फक्त बाजार चालवत होतो, ठेवी घेतच नव्हतो, असं तिथे सांगण्यात आलं. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याची व्याप्ती मोठी असल्याचं सांगून राज्य सरकारनं केलेली जप्ती कायम केली. एवढ्या मोठ्या बाजाराला जी पळवाट मिळाली नाही, ती तुझ्या पत्रकातल्या 'सेवा आरक्षणा'ला मिळणार नाही.

याच कायद्याचं कलम ३ नीट समजून घे. ठेव परत करण्यात लबाडीनं कसूर केली तर सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. लबाडी कशाला म्हणायचं, तेही तिथेच सांगितलंय. पैसे घेताना व्यवहारात न बसणारी, धंद्यात न परवडणारी आश्वासनं दिली आणि त्यापायी पैसे परत करता आले नाहीत, तर ती कसूर लबाडीचीच मानली जाते. "आमचा हेतू चांगला होता, धंदा बुडाला" हे म्हणणं तिथे सहज टिकत नाही. वर्षाला ७२ टक्क्यांचं आश्वासन परवडतं की नाही, हे तू ताटांच्या हिशेबानं आत्ताच बघितलंस. न्यायाधीशही तसंच बघतील.

मग शिक्षा कोणाला? इथे तुझा संबंध येतो, म्हणून सावकाश वाच. संस्थापक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक यांना तर आहेच. त्याशिवाय संस्थेचं कामकाज चालवायला जबाबदार असलेली दुसरी कोणतीही व्यक्ती किंवा कर्मचारी यांनाही आहे. आता तुझं नेमणूकपत्र काढ. तुझं पद 'एजंट' असं लिहिलेलं नाही. 'विभाग प्रमुख, महाड व पोलादपूर तालुका' असं आहे. तुला तो मान वाटला असेल. दुसऱ्या पानावर सातवा मुद्दा बघ: सभासदांच्या रकमेबाबतच्या तक्रारींचं निवारण करण्याची जबाबदारी विभाग प्रमुखाची राहील. उद्या गुन्हा दाखल झाला की दोन तालुक्यांचं कामकाज कोण चालवत होतं, हे पोलिसांना शोधत बसावं लागणार नाही. त्या माणसानं ते छापून, तुझी सही घ्यायची जागा सोडून ठेवलं आहे.

कैदेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट घराची. कलम ४ प्रमाणे सरकार संस्थेची मालमत्ता जप्त करू शकतं. ती ठेवी फेडायला पुरली नाही तर संचालक, भागीदार, व्यवस्थापक, सभासद यांच्या स्वतःच्या मालमत्तेवरही जप्ती येऊ शकते. तुझ्या नावावरची घर-जमीन मुंबईतल्या कोणाच्या तरी देण्यापायी अडकू शकते. कोर्टात भांडून तू ती सोडवशीलही, मी असेपर्यंत मी भांडेन. पण सातबाऱ्यावर बोजा चढला की तो उतरवायला किती वर्षं जातात, ते मी इथल्या कोर्टात रोज बघतो.

केंद्राचा २०१९चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा आणखी कडक आहे. एमपीआयडी पैसे बुडाल्यावर लागू होतो. हा कायदा पैसे बुडायची वाट बघत नाही. नियामकाकडे नोंद नसलेल्या योजनेसाठी लोकांना पैसे भरा म्हणून आवाहन करणं हाच गुन्हा. त्याला किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं कैद आणि दोन ते दहा लाख दंड. पैसे घेतले तर दोन ते सात वर्षं आणि तीन ते दहा लाख. घेऊन लबाडीनं बुडवले तर तीन ते दहा वर्षं, आणि दंड पाच लाखांपासून जमवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती जाणूनबुजून देऊन कोणाला अशा योजनेत ओढलं, तर त्यासाठी वेगळी एक ते पाच वर्षं. हे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. गणपतीतली ती सभा म्हणजे कायद्याच्या भाषेत आवाहनच. अंगण तुझं, ओळख तुझी, चहा तुझा. आणि बाय, हे पत्र वाचल्यावर "मला ठाऊक नव्हतं" असं तुला खरेपणानं म्हणता येणार नाही.

'आणखी दोन माणसं आणा, त्यांच्या हप्त्यातून तुम्हाला वाटा' असं जे साखळीचं कलम अर्जाच्या शेवटी आहे, त्याला १९७८चा बक्षीस चिट आणि पैशाची साखळी बंद करणारा कायदा लागतो. त्या कायद्यात साखळी चालवणं तर गुन्हा आहेच, सभासद म्हणून तीत नाव घालणंही मना आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होते. गटातल्या बायकांना हे आवर्जून सांग, कारण पैसे भरणाऱ्याला वाटतं की आपण तर फसलेले, आपल्याला कोण काय म्हणणार.

तुझ्या पत्रकाला सेबीचा कायदाही लागू पडतो. लोकांचे पैसे एकत्र केले, नफ्याची आशा दाखवली, मालमत्तेचा कारभार दुसऱ्याच कोणाच्या हाती आहे आणि पैसे भरणाऱ्यांना रोजच्या कामात काही बोलायचा अधिकार नाही, ही चार लक्षणं जुळली की ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरते. सेबीच्या नोंदणीशिवाय ती चालवता येत नाही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद, २५ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. नव्वदीच्या दशकात सागाची झाडं विकणाऱ्या कंपन्या गावोगाव फिरल्या, त्यानंतर १९९९मध्ये हे नियम आले. पत्रकावर सागाऐवजी आता पर्यटन आलंय, एवढाच फरक.

"मामा, मग एवढे कायदे आहेत, तर पैसे मिळतीलच की," असं कोणी म्हणेल. त्याला तुझ्या माहितीतलीच उदाहरणं दे. पॅनकार्ड क्लब्जची पुस्तकं आपल्या कोकणात घराघरांत होती. त्यांनी लोकांना हॉटेलात राहायच्या रात्री विकल्या आणि मुदतीनंतर मोठी रक्कम देऊ म्हणाले. सेबीनं २०१६मध्ये सुमारे ५१ लाख लोकांचे ७,०३५ कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. आदेश निघाला, लिलाव सुरू झाले, पण पुस्तकं अजून कित्येकांच्या कपाटात आहेत. पर्ल्स म्हणजे पीएसीएलनं शेतजमिनीच्या नावाखाली जवळपास ४९,१०० कोटी जमवले होते. सेबीचा आदेश २०१४चा. पैसे परत करायला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं न्यायमूर्ती लोढांची समिती २०१६मध्ये नेमली गेली आणि दहा हजार, पंधरा हजार अशा टप्प्याटप्प्यानं रकमा देत वर्षांमागून वर्षं गेली.

अगदी अलीकडचं टोरेसचं. दादरला स्टेशनाजवळ झगमगीत दुकान, मोइसनाइट नावाचे खडे घ्या आणि आठवड्याला सहा टक्के किंवा जास्तही मिळवा, असा बोलबाला. आठवड्याला सहा टक्के वर्षभर मुद्दलात मिळवत गेलं तर एका लाखाचे वर्षाअखेर वीस लाखांहून जास्त होतात. असा धंदा जगात कोणी करत नाही. जानेवारी २०२५मध्ये हप्ते थांबले, दुकानासमोर गर्दी जमली. दादर, कल्याण, सानपाडा, मीरा रोड, जिथे आपले चाकरमानी राहतात तिथेच त्यांची दुकानं होती. शंभर कोटींहून अधिक रकमेचा तो मामला झाला आणि त्यात एमपीआयडीखाली गुन्हा नोंदवला गेला.

आपल्या जिल्ह्यातही पेण अर्बन बँकेचं उदाहरण आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१०मध्ये तिचे व्यवहार गोठवले, त्यानंतर ठेवीदारांनी किती मोर्चे काढले ते तू पेपरात वाचलंस. पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना २०२१मध्ये रद्द झाला. पण बँकेत आणि तुझ्या पत्रकातल्या योजनेत एक मोठा फरक आहे. बँकेच्या ठेवींना विमा असतो. फेब्रुवारी २०२०पासून त्याची मर्यादा एका लाखाची पाच लाख झाली. कर्नाळाच्या सुमारे ९५ टक्के ठेवीदारांची पूर्ण रक्कम त्या विम्यात बसत असल्याचं रिझर्व्ह बँकेनं तेव्हा जाहीर केलं होतं. पर्यटन प्रकल्पाच्या सभासदाला असा कोणताच विमा नाही. त्याच्यासाठी उरते ती जप्ती, लिलाव, आणि जे मिळेल त्यात सगळ्यांना सारखं वाटून घेणं.

त्या वाटेवर वेळ कुठे जातो, तेही सांगतो. आधी गुन्हा नोंदतात, तपास होतो. मग गृह विभाग मालमत्ता जप्तीची अधिसूचना काढतो. उपजिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा किंवा वरचा सक्षम प्राधिकारी नेमला जातो, तो विशेष न्यायालयात जप्ती कायम करायला अर्ज करतो. तिथे ज्याची त्याची हरकत ऐकावी लागते, कारण मालमत्ता बायकोच्या, मेहुण्याच्या, ड्रायव्हरच्या नावावर फिरवलेली असते. मग मूल्यांकन, लिलाव, अपील. खुद्द हा कायदाच मधे अडकला होता. २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूचा कायदा वैध ठरवला आणि २०१२मध्ये आपलाही मार्ग मोकळा केला. ज्यांचे पैसे त्या सात वर्षांत अडकले, त्यांच्या मुलींची लग्नं काही थांबली नाहीत. कर्ज काढून झाली.

म्हणून मी म्हणतो, कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो पोचतो पैसे गेल्यावर. पैसे जायच्या आधी गावाच्या हातात एकच गोष्ट असते: ज्याच्यावर गावाचा विश्वास आहे त्यानं आपलं नाव द्यायचं नाही. तो माणूस पाचाडात परका आहे. त्याला एकटं येऊन कोणी पाचशे रुपये दिले नसते. तू दहा वर्षं गटाचा हिशेब चोख ठेवलास, कोणाच्या बाळंतपणात रात्री गाडी शोधून दिलीस, म्हणून बायका तुझ्या शब्दावर पैसे काढून देतील. पाच टक्के कमिशन देऊन तो तुझा हा शब्द विकत घेतोय. आणि पैसे बुडाल्यावर त्याचा फोन बंद असेल. दारात येऊन उभ्या राहणाऱ्या बायकांना तोंड तुला द्यावं लागेल.

ज्या दोघींनी आधीच पंचवीस-पंचवीस हजार भरले आहेत, त्यांच्याकडे वेळ आहे, पण फार नाही. त्यांना सांग, पावती, अर्ज, पत्रक, बँकेतून गेलेल्या पैशाची नोंद आणि त्या माणसाचे मेसेज सगळं जपून ठेवा, काही पुसू नका. लेखी मागणी करा, रक्कम परत द्या म्हणून. तो म्हणेल, "दोन नवे सभासद आणा, तुमचे लगेच देतो." ते अजिबात करायचं नाही. कोऱ्या कागदावर किंवा 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करायची नाही. पैसे आले नाहीत तर पोलिसांत तक्रार करायची. कंपनीचं ऑफिस मुंबईत आहे म्हणून कोणी परत पाठवू लागलं, तर फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे सांगायचं. मी सोबत येईन. एकेकीनं जाण्यापेक्षा दोघींनी मिळून जाणं बरं.

योजनेची खातरजमा करायची असेल तर रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं संकेतस्थळ आहे. कोणाला ठेवी घ्यायची परवानगी आहे ते तिथे दिसतं आणि तक्रारही करता येते. सेबीचा बिनपैशाचा नंबर १८०० २६६ ७५७५. फोनवरून किंवा ॲपवरून पैसे गेले असतील तर १९३० हा नंबर, आणि तो पहिल्या काही तासांत लावला तर जास्त उपयोग. हे तिन्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

तुला पैशाची गरज आहे, हे मला दिसतंय. पोरीचं कॉलेज आणि पावसाआधी राहून गेलेले पडवीचे पत्रे, दोन्ही मला माहीत आहे. म्हणून नुसतं नको म्हणून थांबत नाही. घरोघरी जाऊन पैसे गोळा करायचं काम तुला जमतं, तर पोस्टाची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आहे. ती फक्त बायकांसाठी. आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करून पोस्टात भरायचे आणि त्यावर चार टक्के कमिशन. नेमणूक सरकारच्या अल्पबचत कार्यालयाकडून होते. त्या माणसाच्या पाच टक्क्यांपेक्षा एक टक्का कमी, पण मागे भारत सरकार उभं आहे आणि रात्री झोप लागते. दुसरं, तुझ्या दोन खोल्यांची पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी कर. गडावर येणारे लोक आज तुझ्याकडे जेवून महाडला राहायला जातात, ते पाचाडात राहतील. अर्ज भरायला मी मदत करतो. तिसरं, बचत गटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानातून गटाला बँकेचं कर्ज मिळतं, ते घेऊन भाकरीचं काम वाढवायचं की काय करायचं, ते तुम्ही बायकांनी ठरवा. बचत गटाच्या आपसातल्या वर्गणीला ठरलेल्या मर्यादेत तो २०१९चा कायदा आड येत नाही, तेव्हा गट बंद पडेल अशी भीती कोणी घातली तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

आता तू काय करायचंस? उद्याच त्या माणसाला लेखी मेसेज पाठव: "मी तुमच्या कंपनीचं कोणतंही पद स्वीकारलेलं नाही, माझ्या नावानं कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत, माझ्या घरी सभा ठेवू नये." फोनवर बोलू नकोस. लिहिलेलं राहतं, बोललेलं राहत नाही. नेमणूकपत्रावर सही केली नसशील तर करू नकोस, केली असशील तर मला आजच कळव, काय लिहून पाठवायचं ते मी सांगतो. मग गटाची बैठक घे आणि बायकांना सगळं स्पष्ट सांग. काहीजणी रागावतील, "तुला कमिशन मिळणार होतं म्हणून आधी गोड बोललीस" असंही म्हणतील. ते ऐकून घे. पैसे बुडाल्यावर जे ऐकावं लागलं असतं, त्यापुढे हे काहीच नाही.

मुंबईच्या ग्रामस्थ मंडळातही हे पत्रक फिरतंय असं कळलं. मंडळाच्या सेक्रेटरीला मीही लिहितो आहे, तूही तुझ्या भावाला सांग. गणपतीला दुसऱ्या दिवशी मी पाचाडला येतो. सभा घ्यायचीच असेल तर त्याच अंगणात आपण घेऊ. ज्याला जे विचारायचं असेल ते विचारू दे, ज्याच्याकडे जे कागद असतील ते घेऊन यायला सांग. मी प्रत्येकाचा कागद बघेन.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा